'ढ' कुणाला म्हणायचं?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत पालकसभा होती. सहावीतल्या एका मुलाची आई आली. प्रगतिपुस्तक माझ्या हातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मालूम है टीचर, ये तो पहले से ढ है."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. या बाईंना मराठी वाचता येत नाही, बोलताही जेमतेम येतं. तरी हा एक शब्द त्यांना पक्का ठाऊक होता. तो त्यांनी बाजारात ऐकलेला नव्हता. आमच्याच शाळेत, अशाच कुठल्यातरी पालकसभेत ऐकला होता. कदाचित माझ्याच तोंडून. स्टाफरूममध्ये हा शब्द मी कितीदा वापरला असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

'ढ' या अक्षराबद्दल असं सांगतात की, ब्राह्मी लिपीपासून आजवर बाकीची अक्षरं बदलत गेली, पण ढचा आकार फारसा बदलला नाही. म्हणून जो मुलगा काही केल्या बदलत नाही, तो 'ढ'. ही व्युत्पत्ती खरी असो-नसो, शब्दाचा अर्थ मात्र त्यात बरोबर सापडतो. एखाद्याला 'ढ' म्हणणं म्हणजे याच्यावर मेहनत करून उपयोग नाही, असं जाहीर करणं. एकदा ते जाहीर झालं की शिक्षक मोकळा, शाळा मोकळी, आणि हळूहळू आईसुद्धा मोकळी होते. अडकून पडतो फक्त मुलगा.

त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. पुढच्या शुक्रवारी मी त्या मुलाच्या घरी गेले. आमचं गाव यंत्रमागांचं. शुक्रवारी माग बंद, उर्दू शाळाही बंद, त्यामुळे घरी सगळे भेटतात. एक खोली, पुढे पत्र्याचा आडोसा, त्यात कांड्या भरायचं मशीन. वडील रातपाळी करतात. बारा तास मागावर उभं राहून सकाळी येतात आणि झोपतात. खोली एकच, त्यामुळे सकाळी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, मग मोठ्याने वाचणार कोण? शाळा दुपारची. सकाळी हा मुलगा आईला कांड्या भरायला मदत करतो. संध्याकाळी मकतबात जातो. रात्री जेवण झालं की त्याच खोलीत अंथरुणं पडतात.

बोलता बोलता कळलं की, घरातला कांड्यांचा आठवड्याचा हिशेब तोच ठेवतो. किती कांड्या दिल्या, किती परत आल्या, उचल किती, हातात किती आले, सगळं तोंडी. मालकाच्या माणसाची चूकही त्याने दोनदा पकडली होती. गणितात याला चाळीसपैकी अकरा गुण होते. पेपर माझ्या पिशवीतच होता. मी तो बाहेर काढला नाही.

घरी येऊन मी वहीत त्याचा दिवस लिहून काढला. शेजारी त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचा दिवस लिहिला. त्याचे वडील शिक्षक आहेत. त्याला सकाळी शिकवणी, घरात टेबल, मराठी वर्तमानपत्र येतं, आणि अडलं तर विचारायला माणूस. दोन्ही दिवसांत अभ्यासाच्या वेळेचा फरक निघाला रोज तीन तास. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी शाळेचं वर्ष किमान २२० दिवसांचं आणि १००० तासांचं धरलं आहे. रोजचे तीन तास २२० दिवसांनी गुणा. ६६० तास होतात. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला दर वर्षी शाळेच्या वर्षाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग जास्तीचा मिळतो. असं पाच-सहा वर्षं चालू द्या, आणि मग दोघांना एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका द्या. जो निकाल लागेल त्याला आपण 'हुशार' आणि 'ढ' अशी नावं देतो.

त्यात या मुलांच्या वाट्याला आणखी एक खड्डा आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुलं पहिलीत होती. त्यानंतरची जवळपास दोन वर्षं शिक्षण मोबाइलवर गेलं. ज्या घरात एकच फोन होता आणि तो वडिलांच्या खिशात होता, तिथली मुलं अक्षरओळख न होताच तिसरी-चौथीत पोचली. शाळा उघडल्यावर आम्ही त्यांना त्या-त्या इयत्तेचं पुस्तक उघडायला सांगितलं. जणू मधलं काही सुटलंच नव्हतं.

म्हणून मला वाटतं, गुणांमधली ही दरी बुद्धीची मानणं सोडून ती तासांची मानली पाहिजे. बुद्धी वाटून देता येत नाही, तास देता येतात. मग प्रश्न सोपा होतो. या मुलाचे गेलेले तास परत कोण करणार? शाळा किती, घर किती आणि मोहल्ला किती?

आधी शाळेबद्दल बोलते, कारण तो माझा भाग आहे.

उर्दू माध्यमाच्या मुलासाठी मराठी ही परकी भाषा नाही. ती रस्त्यावर, दवाखान्यात, एसटीच्या पाटीवर आहे. तरी वर्गात ती परकी होते. लहान वयात त्याला तीन लिप्या शिकाव्या लागतात. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. उर्दूत नपुंसकलिंग नाही आणि 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून तो 'ती पुस्तक' म्हणतो. ळ त्याच्या कानाने कधी नीट ऐकलेला नाही, म्हणून 'शाळा'ची 'शाला' होते. या चुकांना कारण आहे. पण आम्ही त्यावर लाल रेघ मारतो आणि पुढे जातो. सहावीला 'सुलभभारती'तला धडा शिकवायचा, फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहायची, मुलांनी ती उतरवायची, पाठ करायची. यातल्या किती जणांना तो धडा वाचता येतो, हे मी कित्येक वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं.

गेल्या वर्षी तपासलं. एकेका मुलाला जवळ बोलावून वाचायला लावलं. आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य, मग उतारा. वर्गात साठाहून जास्त मुलं आहेत. कायदा या इयत्तांना ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. तपासायला दोन आठवडे गेले. वीसेक मुलं शब्दाच्या पुढे जाऊ शकत नव्हती. त्यांतली बहुतेक उर्दू मात्र झरझर वाचत होती. म्हणजे वाचणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. अडचण फक्त लिपीची आणि सरावाची होती.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने रोजची एक तासिका या वीस मुलांसाठी वेगळी काढली. एक सहकारी उरलेला वर्ग सांभाळायचे. पुस्तक बाजूला ठेवलं आणि फळ्यावर शब्द लिहिले: कागद, रुमाल, तारीख, वकील, जमीन, सरकार, अर्ज, हजेरी, दप्तर. मुलं एकेक अक्षर जोडत वाचायची आणि शब्द पुरा झाला की हसायची. 'खुर्ची' वाचल्यावर एकाने विचारलं, "टीचर, ये कुर्सी है ना?" 'शाई' म्हणजे सियाही. शेवटी मी 'हुशार' लिहिला. त्या कांडीवाल्या मुलाने वाचला आणि म्हणाला, "ये तो होशियार है. ये भी हमारा लफ्ज है."

हो, हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत घर करून राहिला. मराठीत असे शेकडो शब्द आहेत. मुलाला मराठीच्या दारात उभं करून 'तुला काही येत नाही' म्हणण्यापेक्षा 'यातलं अर्धं सामान तुझ्या ओळखीचं आहे' असं सांगितलं, तर तो आत येतो. हे मला बीएडला कुणी शिकवलं नाही. वीस वर्षं शिकवल्यानंतर वीस मुलांनी शिकवलं.

पातळीप्रमाणे शिकवण्याची ही कल्पना माझी नाही, नवीही नाही. 'प्रथम' या संस्थेने मुंबईत नव्वदच्या दशकात 'बालसखी' सुरू केल्या. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळं बसवून वाचन-गणित शिकवायची. २००१ नंतर मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाची शास्त्रीय पद्धतीने पाहणी झाली, त्यात सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाल्याचं दिसलं. ही पाहणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे जगाला दाखवलेलं हे औषध आपल्याच गल्लीत तयार झालं होतं. मग शाळांमध्ये ते सर्रास का दिसत नाही? कारण शाळेचा शेकडा निकाल चांगला लागला की सगळे खूश असतात, आणि शेकडा निकालात हा मुलगा दिसतच नाही. शिवाय शिक्षकांच्या रिकाम्या जागा, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. ही सबब नाही, ही वस्तुस्थिती आहे. सरकारने शिक्षकाचे तास परत केल्याशिवाय शिक्षक मुलाचे तास परत करू शकत नाही.

आता घराबद्दल. पालकसभेत आम्ही पालकांना एकच वाक्य ऐकवतो, 'मुलाकडे लक्ष द्या.' बारा तास मागावर उभं राहणाऱ्या माणसाने लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मी त्या आईला तीन गोष्टी सांगितल्या. एक, सकाळी अर्धा तास मुलाला मशीनवरून उठवायचं. दोन, त्या अर्ध्या तासात त्याने तुमच्यासमोर बसून मोठ्याने वाचायचं. वडील झोपलेले असतील तर बाहेर ओट्यावर. तीन, वाचून झालं की काय वाचलं ते त्याने तुम्हाला उर्दूत सांगायचं.

त्या म्हणाल्या, "मेरे को तो पढना आता नहीं, टीचर. गलत पढेगा तो कैसे समझेगा?"

मी म्हटलं, "बाजी, गलती मैं देख लूंगी. आप बस सुनो."

आपल्याकडे अशिक्षित आईला अभ्यासाच्या खोलीतून आपण आधीच बाहेर काढलेलं असतं. तिला वाटतं, आपला इथे काही उपयोग नाही. खरं तर ऐकणारं माणूस मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. मूल सांगताना शब्द शोधतं, विचार जुळवतं, आणि आपण कुणाला तरी काही शिकवतो आहोत, या भावनेने ताठ बसतं.

पण घराबद्दल कटू गोष्टीही बोलल्या पाहिजेत. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि आपली मुलं मुलूखला गेलेली असतात, ती जुलैत परततात. ऐन परीक्षेच्या महिन्यात लग्नासाठी आठ-आठ दिवस शाळा बुडते. मुलगी सहावी-सातवीत गेली की धाकट्या भावंडाला सांभाळायला ती घरी राहते. माझ्या त्या वीस जणांच्या गटातली एक मुलगी अशीच जानेवारीपासून यायची थांबली. वाक्यापर्यंत पोचली होती. मी दोनदा घरी गेले. दोन्ही वेळा "कल से भेजेंगे" असं उत्तर मिळालं. ती आली नाही. यावर्षी सातवीच्या हजेरीपटावर तिचं नाव आहे, ती नाही.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा होता. ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेली नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. त्याच अहवालाने हेही सांगितलं की, शाळेच्या वयातली जेमतेम ३ टक्के मुस्लिम मुलं मदरशात शिकतात. आपण वर्षानुवर्षं त्या तीन टक्क्यांवर वाद घालत बसलो. बाहेरचे लोक आरोप करत राहिले, आपण खुलासे देत राहिलो. पंचवीस टक्क्यांबद्दल बोलायला दोघांनाही वेळ मिळाला नाही. आणि ज्या घरांना थोडा आधार होता, तोही कमी झाला. अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केली. पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला हजार रुपयेच मिळायचे. पण त्या हजारासाठी का होईना, आई दाखले गोळा करायची, बँकेत खातं उघडायची, हजेरी विचारायला शाळेत यायची. ते येणं थांबलं.

तिसरा भाग मोहल्ल्याचा. इथे मला समाजातल्या जाणत्या लोकांशी थोडं भांडायचं आहे.

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे गुणगौरव समारंभ होतात. नव्वद टक्केवाल्यांना शाल, ट्रॉफी, फोटो. चांगली गोष्ट आहे. पण ज्या मुलाने अठ्ठावीसवरून पंचेचाळीसवर मजल मारली, त्याला कधी कुणी व्यासपीठावर बोलावलं आहे का? पहिला आलेला मुलगा आणखी पुढे गेल्याने दरी कमी होत नाही, कधी कधी वाढते. ती कमी होते शेवटच्या बाकावरचा मुलगा पुढे सरकला की. आपले सगळे हार पहिल्या बाकासाठी राखून ठेवलेले आहेत.

कुराणाचा अवतरलेला पहिला शब्द वाचण्याविषयी आहे, हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. ऐकून घरी जातो. ज्या मोहल्ल्यात हा जलसा होतो, तिथे मुलाने संध्याकाळी बसून वाचायचं म्हटलं, तर दिवा आणि शांतता असलेली एक खोली नसते. शादीखाने मात्र आहेत, आणि लग्नसराई सोडली तर ते दिवसचे दिवस रिकामे असतात.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण त्याआधीच त्यांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली होती, त्यात मुस्लिम बोर्डिंगही होतं. पुढे साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छताखाली ठेवली. वसतिगृह म्हणजे तरी काय? मुलाला घरात न मिळणारे तास मिळवून देणारी जागा. बसायला सतरंजी, डोक्यावर दिवा, शेजारी अभ्यास करणारा दुसरा मुलगा. तेवढं प्रत्येक मोहल्ल्यात आपण करू शकतो. त्यासाठी इमारत बांधायची गरज नाही. शादीखान्याची किंवा शाळेचीच एक खोली, संध्याकाळी मकतब सुटल्यापासून दीड तास, आणि कॉलेजात शिकणारी मोहल्ल्यातली चार मुलं-मुली आळीपाळीने. मुलींसाठी वेगळी वेळ, आणि त्यांना घरापर्यंत सोडायला एखादी खाला.

आमच्या शाळेजवळ या जूनपासून अशी एक खोली सुरू झाली आहे. पहिल्या आठवड्यात चाळीस मुलं आली, आता अठरा येतात. शिकवणाऱ्यांपैकी दोघांनी सोडलं. पंख्याचं बिल कुणी भरायचं यावरून एक बैठक झाली आणि चहा पिऊन संपली. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा गोष्टी सुरू होताना जेवढ्या सुंदर दिसतात, तेवढ्या चालताना दिसत नाहीत. पण अठरा मुलं दीड तास बसतात. आठवड्याला सहा दिवस. हिशेब करा.

ज्यांना हे काम मोठं वाटतं, त्यांच्यासाठी एक लहान काम सुचवते. सरकारी आणि नगरपालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती असते. पुढच्या बैठकीला जा आणि एवढंच विचारा, 'आपल्या शाळेत पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येतं?' शेकडा निकाल विचारू नका. हाच एक प्रश्न विचारा, आणि दर तीन महिन्यांनी परत विचारा. शिक्षक म्हणून सांगते, हा प्रश्न येणार आहे असं कळलं की आम्ही तपासायला लागतो.

त्या कांडीवाल्या मुलाचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारालच. तो वार्षिक परीक्षेत मराठीत काठावर पास झाला. गणितात थोडा वर आला. ळ आणि ल मध्ये अजून गोंधळतो. चमत्कार झाला नाही. पण एप्रिलमध्ये त्याची आई शाळेत आली होती, वीजबिल घेऊन. बिलावर काय लिहिलं आहे ते मुलाने तिला वाचून दाखवलं होतं, आणि मागची थकबाकी चुकीची लावली आहे, असं त्याचं म्हणणं होतं. खरं आहे का, हे विचारायला ती माझ्याकडे आली होती.

मी बिल पाहिलं. त्याचं बरोबर होतं. मी त्याच्याकडूनच मराठीत अर्ज लिहून घेतला. 'थकबाकी' आणि 'अर्ज' हे दोन्ही शब्द त्याला आधीच येत होते.